तीन नंबरची कॉइल

व्हर्ना स्टोल्झनं एकतीस वर्षं लोकांचे दात साफ केले आणि निवृत्त झाल्यावर त्याच लोकांच्या कॉइली साफ करायला घेतल्या. कामात तिला फारसा फरक वाटला नाही. कीट दोन्हीकडे माणसाला दिसत नाही अशाच जागी बसतं. वेळच्या वेळी हात फिरवला असता तर दोन्हीकडे काही बिघडलं नसतं. आणि दोन्हीकडे माणसं तोंड वर करून खोटं बोलतात.

"रोज साफ करतोस?" ती विचारायची.

"रोज," समोरचा म्हणायचा.

व्हर्ना त्याच्या यंत्राची वाटी उपडी करून दाखवायची. मग समोरचा खिडकीबाहेर बघायला लागायचा.

डीअर फ्लॅटमध्ये गांजा परसात टोमॅटोशेजारी वाढतो, आणि ज्याच्या त्याच्या फ्रीजरमध्ये फुलांपासून दाबून काढलेली राळ बरणीत असते. राळ ओढायचं यंत्र थर्मासएवढं. खाली बॅटरी, वर पाण्याचं काचेचं भांडं, मध्ये करंगळीच्या पेराएवढी चिनी मातीची वाटी आणि वाटीच्या बुडाशी कॉइल. वाटीत राळेचा मसुरीएवढा थेंब टाकायचा, बटण दाबायचं, कॉइल तापली की थेंबाची वाफ होते. वाटी गरम आहे तोवर कापसाची काडी फिरवली तर यंत्र वर्षभर चालतं. नाही फिरवली तर राळ खाली झिरपते, जळते, काळी ठिक्कर होते, आणि एके दिवशी कॉइल तुटते. पूर्वी लोक अख्खी वाटीच फेकून नवी मागवायचे. व्हर्ना चिमट्यानं नुसती कॉइल बदलून द्यायची. तिचा नवरा हॉलिस तीस वर्षं लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवत होता. त्यानं तिला फाटकावर पाटी रंगवून दिली. पाटीवर दोन शब्द होते. व्हर्ना. कॉइली.

दर नोव्हेंबरात शेतकरी मंडळाच्या हॉलमध्ये राळेची स्पर्धा व्हायची. शेवटच्या फेरीत चार बरण्या उरायच्या. एकीची चव दुसरीत उतरू नये म्हणून प्रत्येक बरणीला स्वतंत्र यंत्र आणि प्रत्येक यंत्रात नवी कोरी कॉइल. पाच परीक्षक एकेक थेंब घेऊन कागदावर गुण लिहायचे. सहा वर्षं चारही कॉइली व्हर्नाच बसवत होती. सहा वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

नवी कॉइल बसवायची तिची रीत ठरलेली होती. आधी वाटी रिकामी ठेवून दोनदा तापवायची, म्हणजे कारखान्याचा वास निघून जातो. मग ती पूर्ण गार होऊ द्यायची. गार झाली की बटण दाबून धरायचं. यंत्र त्या गार कॉइलीचा आकडा मनात नोंदवून ठेवतं आणि पुढचा सगळा तापण्याचा हिशोब त्याच आकड्यावर करतं. कॉइल कोमट असताना आकडा घेतला तर यंत्र कोमटालाच गार समजतं आणि नंतर दरवेळी जास्त तापवतं. हे व्हर्नानं इतक्या जणांना सांगितलं होतं की गावातल्या निदान सहा स्वयंपाकघरांत तिच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता. गार म्हणजे गार.

त्या शनिवारी दुपारी जेवणं उरकल्यावर ती हॉलच्या मागच्या खोलीत शेवटची कॉइल बसवत होती. तीन नंबरचं यंत्र. त्यात ड्युई रस्कची राळ जायची होती, आणि ड्युई तिच्या खांद्यामागे उभा होता.

ड्युई ओढ्यापलीकडचा शेजारी. एकसष्ट वर्षांचा, एकटा. तो एकाच जातीचं पीक काढायचा. त्याच्या कपडे धुण्याच्या खोलीत दिव्याखाली अकरा वर्षं जपलेलं एक मूळ झाड होतं. त्याचं नाव मेबल. मेबलची कलमं घ्यायची, शेतात लावायची, हंगामात कापायची, पुन्हा मेबलची कलमं घ्यायची. ड्युईनं मेबलचं कलम कधी कुणाला दिलं नाही. मागितल्यावर तो ऐकू आलं नाही असं दाखवायचा. दोनदा पहिला आला होता.

"झालं का?" ड्युईनं विचारलं.

"गार होतेय."

"पाच मिनिटांपूर्वी पण गारच होत होती."

"ड्युई, तू श्वास टाकतोयस तो माझ्या मानेवर येतोय."

"मग घाई कर, म्हणजे मी जातो. लायलनं दोनदा हाक मारली. उशीर झाला तर परीक्षकांची जीभ सुस्तावते. मार्लिसची बरणी आधी गेली तर माझं झालंच."

मार्लिस ही हॉलिसची बहीण, म्हणजे व्हर्नाची नणंद. त्या वर्षी तिचीही बरणी शेवटच्या चारांत होती. व्हर्नानं वाटीजवळ बोट नेलं. ऊब अजून होती. किंचित. तिनं ड्युईकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि बटण दाबून धरलं. आकडा लुकलुकला आणि स्थिर झाला. तिनं तो वाचला नाही.

"घे," ती म्हणाली. "आता सूट इथून."

पहिल्या परीक्षकानं तीन नंबरचा थेंब घेतला आणि खोकत कागदावर काहीतरी लिहिलं. दुसऱ्यानं डोळे मिटून विचार केला आणि मग पाण्याचा ग्लास मागितला. पाचही जणांचं झालं तेव्हा मंडळाचा अध्यक्ष लायल पीव्ही कागद हातात घेऊन व्हर्नाकडे आला. लायल गावात ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि कुणाला दुखवायचं नाही एवढंच धोरण घेऊन पंधरा वर्षं अध्यक्ष आहे.

"तीन नंबरला पाचही जण जळकी म्हणतायत," तो हळूच म्हणाला. "एकानं ब्रेकच्या वासाची असं लिहिलंय. यंत्र बरोबर आहे ना?"

ड्युई चार पावलांवर उभा होता.

"यंत्र बरोबर आहे," व्हर्ना म्हणाली. ती त्या वेळी एक नंबरची वाटी पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

मार्लिस पहिली आली. जुन्या करवतीच्या गोल पात्याला पाय जोडून केलेली ढाल तिला मिळाली. ड्युई चौथा. तो भांडेल असं सगळ्यांना वाटलं होतं आणि दोघंतिघं त्यासाठीच थांबले होते. पण त्यानं आपली खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली, आणलेला ब्लॅकबेरीचा केक तसाच झाकून उचलला आणि गाडीत बसून निघून गेला.

सोमवारी सकाळी व्हर्नानं चारही यंत्रं धुवायला काढली. एक, दोन आणि चार नंबरच्या वाट्यांच्या बुडाशी फिकट तपकिरी डाग होता, चहाच्या कपाला पडतो तसा. तीन नंबरचं बूड काळं होतं आणि कडेला निळसर झाक आली होती. ती झाक फार तापल्याशिवाय येत नाही. तिनं यंत्र चालू करून नोंदलेला आकडा बघितला. बाकी तिघांत पन्नास होता. तीन नंबरात चौसष्ट.

ती खुर्चीवर बसली. कॉइल आता गार होती. तिनं आकडा पुन्हा घेतला. पन्नास.

हॉलिस आत आला, कॉफी ओतून घेतली, तिच्याकडे बघितलं.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. ड्युईची राळ जळकी नव्हती. मी जाळली."

तिनं सगळं सांगितलं. हॉलिसनं ऐकून घेतलं. तो कधी मध्ये बोलत नसे. सवय ट्रकमध्ये एकट्यानं बसण्याची.

"कुणाला सांगितलंस?"

"तुला."

"मग झालं की. मला सांगितलंस. मी कुणाला सांगत नाही."

"हॉलिस."

"मार्लिसनं काल मला बोलावून ते पातं भिंतीवर लावून घेतलं. दगडी भिंत आहे. दोन ड्रिल मोडली माझी."

"मग काढताना एकही मोडणार नाही," व्हर्ना म्हणाली आणि कोट घातला.

ती आधी लायलकडे गेली, कारण चूक मंडळाच्या कामात झाली होती. लायल एका ट्रॅक्टरखाली होता. त्यानं तिथूनच ऐकलं. बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत होते.

"व्हर्ना," खालून आवाज आला, "तू हे मला सांगितलं नाहीस असं आपण धरलं तर?"

"सांगितलं ना पण."

"मी खाली होतो. नीट ऐकू आलं नाही."

"मी पुन्हा सांगते."

"नको, नको." तो सरपटत बाहेर आला. तोंडाला ग्रीस लागलं होतं. "हे बघ. ड्युई गप्प आहे. ड्युई गप्प बसलाय, हे या गावात किती वर्षांनी घडलंय? त्याला उठवू नकोस. पुढच्या वर्षी त्याला आपण जरा पुढच्या टेबलावर बसवू."

"मी त्याच्यादेखत यंत्र बरोबर आहे म्हणाले, लायल. न बघता."

लायलनं हात पुसले. "गुरुवारी बैठक आहे," तो शेवटी म्हणाला. "विषयपत्रिकेत छपराची गळती आहे आणि खुर्च्या आहेत. त्यानंतर बोल. तोवर बरेच जण गेलेले असतात."

ड्युईच्या घरामागे लोखंडी पिंप होतं, कचरा जाळायचं. व्हर्ना गाडीतून उतरली तेव्हा त्यातून धूर येत नव्हता, पण जमीन राखेनं पांढरी झाली होती. ड्युई पायरीवर बसून बूट साफ करत होता. दात साफ करून घ्यायला तो वीस वर्षं तिच्याकडे आला होता, वर्षातून दोनदा. त्याच्या मागच्या डाव्या दाढेत काय आहे हे तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. घरी मात्र ती कधी आली नव्हती.

"कॉइल द्यायची असेल तर मला नको," तो म्हणाला. "मी सोडलंय."

"काय सोडलंयस?"

"सगळंच. मेबल म्हातारी झाली होती. झाडं म्हातारी होतात, लोकांना वाटतं कलम म्हणजे दरवेळी नवं, पण तसं नसतं. पाच जण एकदम खोटं बोलत नाहीत. रविवारी सकाळी कापली."

व्हर्ना पिंपाकडे बघत राहिली.

"जाळलीस?"

"मग काय करू? पुरू? झाड होतं ते."

तिनं मग त्याला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कारण त्यानं बस म्हटलं नव्हतं. आकडा, ऊब, घड्याळ, चौसष्ट. ड्युईचा ब्रश थांबला.

"नाही," तो म्हणाला.

"मी घरी दोनदा बघितलं."

"नाही. तू चूक करत नाहीस."

"केली."

"व्हर्ना, तू एकदा माझ्या दाढेत केस सापडला म्हणून मला पंधरा मिनिटं तोंड उघडून ठेवायला लावलंस. कुत्र्याचा होता. तू चूक करत नाहीस. हे तुला मार्लिसनं सांगायला पाठवलंय."

"मार्लिसला कशाला पाहिजे? ती जिंकलीय."

ड्युई जास्तच चिडला. "मग लायलनं पाठवलं असेल. माझी कीव येऊन. मला कीव नको. मी तुला शनिवारी ऐकलंय. लायलनं विचारलं आणि तू म्हणालीस, यंत्र बरोबर आहे. मी रात्रभर तेच धरून बसलो. बाकी कुणी म्हटलं असतं तर मी घरी येऊन दुसऱ्या यंत्रावर करून बघितलं असतं. तू म्हणालीस म्हणून नाही बघितलं."

 

व्हर्नानं विचारलं, "राळ शिल्लक आहे?"

"वाटाण्याएवढी. टाकायची राहिलीय."

"आण."

तिनं गाडीतून तीन नंबरचं यंत्र आणि चिमट्याचा डबा आणला आणि त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. नवी कॉइल काढली. तिचे दोन बारीक पाय सरळ केले, खाचेत बसवले, केसाएवढे स्क्रू पिळले. रिकामी वाटी दोनदा तापवली. मग ती उबदार असतानाच बटण दाबून धरलं आणि यंत्र त्याच्यापुढे सरकवलं. आकडा त्रेसष्ट आला होता.

"शनिवारी मी हे केलं," ती म्हणाली. "घे."

ड्युईनं थेंब टाकला, वाफ घेतली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकला.

"ब्रेक," तो म्हणाला.

"आता थांब."

वाटी काडीनं पुसून ते दोघं ती गार होण्याची वाट बघत बसले. त्याला वीस मिनिटं लागली. खिडकीतून कपडे धुण्याची खोली दिसत होती. दिवा अजून चालू होता, आणि त्याखाली रिकामी काळी कुंडी होती. ड्युई त्या बाजूला पाठ करून बसला होता. व्हर्नाला तोंड तिकडे करूनच बसावं लागलं. तिचं मनगट दुखायला लागलं होतं. एकतीस वर्षांच्या कामानं ते थंडीत दुखतं. ती ते टेबलाखाली चोळत राहिली.

आकडा पन्नास आला. ड्युईनं दुसरा थेंब घेतला. या वेळी तो खोकला नाही. वाफ नाकातून हळूहळू सोडली.

"मेबल," तो म्हणाला.

"हो."

"मेबलच आहे. देवदारासारखी, आणि शेवटी ती संत्र्याची साल." त्यानं झाकण लावलं, घट्ट. मग पुन्हा काढलं, आत बघितलं आणि पुन्हा लावलं. "मी तिला कुऱ्हाडीनं नाही कापलं. कात्रीनं कापलं. फांदी फांदी करून. एक तास लागला. तेवढ्यात कुणी येऊन सांगितलं असतं तर."

"मी सोमवारी धुवायला काढते," व्हर्ना म्हणाली. "दरवर्षी सोमवारीच."

"माहीत आहे."

"रविवारी काढायला पाहिजे होतं."

"शनिवारी थांबायला पाहिजे होतं," ड्युई म्हणाला. "मी पण तुझ्या मानेवर बसलो होतो."

"तू बसला होतास. बटण मी दाबलं."

त्यानं तिला जायला सांगितलं नाही आणि थांबायलाही सांगितलं नाही. ती डबा आवरून निघाली. फाटकाशी पोचली तेव्हा कपडे धुण्याच्या खोलीतला दिवा मालवल्याचं तिला दिसलं.

मार्लिसला तिनं बुधवारी सांगितलं. बैठकीत ऐकून तिला धक्का बसायला नको म्हणून. मार्लिस शाळेच्या बसची चालक. आवाज तसाच, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"म्हणजे मी जिंकले नाही?"

"ते माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय? भिंतीवर काय लटकतंय मग?"

"पातं."

"मला सांगायला कशाला आलीस? गप्प बसता येत नव्हतं? हॉलिस किती छान गप्प बसतो!"

"त्याचा पिंड आहे तो."

मार्लिस भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. पात्याचे दात लायलनं चांदीच्या रंगानं रंगवले होते. "अकरा वर्षं," ती म्हणाली, "अकरा वर्षं मी त्या माणसाकडे एक कलम मागतेय. एक. आणि तो मला कान दाखवतो. या वर्षी मला वाटलं, हरवलं रे तुला, त्या मेबलसकट हरवलं. आणि तू येऊन म्हणतेस, तो जळका होता."

"तो नव्हता. कॉइल होती."

"तेच ते. जळक्या माणसाला हरवून मी काय करू?" ती वळली. "पुन्हा घ्या. परत सगळं घ्या, तेच पाच परीक्षक, त्याच बरण्या. मी याच बरणीनं जिंकेन. नाही जिंकले तर हॉलिसला पाठव, ड्रिल घेऊन."

गुरुवारी छपराची गळती चाळीस मिनिटं चालली आणि खुर्च्या पंचवीस. लायलला वाटलं होतं तसं काही झालं नाही. एकही माणूस घरी गेला नाही, कारण मार्लिसनं तोवर बसमध्ये, बसबाहेर आणि दुकानात सगळ्यांच्या कानावर घातलं होतं. व्हर्ना उभी राहिली. तिनं चार वाक्यांत सांगितलं. काय करायला हवं होतं, काय केलं, लायलनं विचारल्यावर काय म्हणाली, ड्युईचं काय गेलं. शेवटी म्हणाली की कॉइलींचं काम आता दुसऱ्या कुणीतरी घ्यावं.

मागून कुणीतरी विचारलं, "माझं यंत्र पण जळकं होत असेल का?"

"तुझं यंत्र तू साफ करत नाहीस म्हणून जळकं होतं," व्हर्ना म्हणाली आणि खाली बसली.

ड्युई शेवटच्या रांगेत होता. लायलनं त्याला विचारलं, पुन्हा परीक्षा घ्यायची का. ड्युई म्हणाला, राळ जेमतेम आहे, पण पाच थेंब निघतील. लायलनं मग व्हर्नाचा राजीनामा मताला टाकला. बाजूनं एक मत पडलं. ते व्हर्नाचंच होतं. ड्युईनं विरोधात हात वर केला, अर्धाच, कोपरातून, पण लायलनं तो मोजला.

पुढच्या रविवारी दुपारी फेरपरीक्षा झाली. या वेळी कॉइली मागच्या खोलीत नाही, समोर टेबलावर बसवायच्या, असं व्हर्नानंच सांगितलं. तिनं चारही बसवल्या, चारही तापवल्या आणि हात मांडीवर ठेवून बसली. चाळीस माणसं चार कॉइली गार होताना बघत बसली. एकदा लायल उठून दार लावून आला, आणि मग वाऱ्यानं उलट लवकर गार होतील असं वाटून त्यानं ते पुन्हा उघडलं. पाऊण तासानं व्हर्नानं एकेका वाटीला बोट लावलं, मग वाटी गालाला लावली, मग बटण दाबलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. पन्नास. एकावन्न. पन्नास. पन्नास. टाळ्या वाजवाव्यात का हे कुणाला कळेना, म्हणून कुणी वाजवल्या नाहीत.

मार्लिस पहिली आली. ड्युई तिसरा.

चौथ्यावरून तिसरा. लायलनं निकाल वाचला आणि सगळ्यांनी ड्युईकडे पाहिलं. ड्युईनं मान हलवली. तो परीक्षकांच्या टेबलाशी गेला आणि आपल्या कागदांवरचे शेरे वाचत उभा राहिला. देवदार, संत्र्याची साल, स्वच्छ, पण या वर्षी जरा पातळ. त्यानं पाचही कागद घडी करून खिशात घातले. परवानगी मागितली नाही.

मार्लिस त्याच्यापाशी गेली. व्हर्नाला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. मार्लिस म्हणाली, "पातळ नव्हती. मी चाखली असती तर सांगितलं असतं."

"तुला कधी दिली नाही ना," ड्युई म्हणाला.

"नाही दिलीस."

"द्यायला पाहिजे होतं एक कलम. आज मेबल तुझ्याकडे असती."

मार्लिसनं त्याच्या पाठीवर दोनदा थापटलं, बसचा दरवाजा अडकला की थापटते तसं, आणि आपल्या कॉफीकडे गेली.

व्हर्नानं त्या हिवाळ्यात काम चालू ठेवलं, पण तिची गती कमी झाली. लोक तक्रार करत. ती प्रत्येक यंत्राचा आकडा आता वहीत लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायची. हॉलिसला रात्री जेवताना तिचा एक हात यंत्राच्या वाटीवर दिसायचा. त्यानं एकदाच विचारलं, "ड्युईनं माफ केलं का?"

"मी विचारलं नाही."

"विचारणार आहेस?"

"तो काय करणार, नाही म्हणणार? मग मी काय करू? हो म्हणाला तरी काय करू?"

हॉलिसनं बटाटे पुढे सरकवले.

जूनमध्ये ड्युई आला. दारातच उभा राहिला. टोपी हातात.

"बियाण्यापासून सहा नवी झाडं काढलीत," तो म्हणाला. "त्यातलं एक ठेवायचं. माझी जीभ राहिली नाही, मला सगळ्यांत मेबल लागते. तू येतेस?"

"मार्लिसला विचार. तिची जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे."

"मार्लिस मला बरं वाटावं म्हणून बोलेल आता. तू नाही बोलणार."

व्हर्नानं डबा घेतला. ड्युईच्या स्वयंपाकघरात सहा बरण्या होत्या. प्रत्येकीत वाटाण्याएवढी राळ, आणि प्रत्येकीवर नुसता आकडा. तिनं कॉइल बसवली. गार व्हायला अर्धा तास लागला. ड्युई या वेळी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसला होता, हात पाठीमागे धरून. दर बरणीनंतर वाटी पुसायची, गार करायची, पुन्हा. सगळी दुपार त्यातच गेली.

"एक?"

"गवत."

"दोन?"

"साबण."

"तीन मला बरी वाटली."

"तीन साबणच आहे, दुसऱ्या कंपनीचा. चार वाईट नाही, पण घशाला लागते." तिनं पाचवा थेंब घेतला आणि थोडा वेळ थांबली. "पाच ठेव."

"मेबलसारखी आहे?"

"नाही."

ड्युईनं स्वतः पाचाचा थेंब घेतला. मान डावीकडे झुकवली, मग उजवीकडे. "नाही," तो म्हणाला. "मिरीसारखं काहीतरी आहे हिच्यात."

"आहे."

"ते चालतं का?"

"मला चालतं."

सहा नंबर त्यांनी चाखलाच नाही. संध्याकाळी ड्युईनं पाच नंबरचं रोप कपडे धुण्याच्या खोलीत नेऊन दिव्याखालच्या काळ्या कुंडीत लावलं, आणि व्हर्नानं दाराशी उभं राहून त्याला माती दाबताना बघितलं. बाहेर पडताना त्यानं तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मुळं फुटलेला पाच नंबरचा एक देठ दिला.

"मार्लिसला दे," तो म्हणाला. "मी दिलं असं सांगू नकोस. फार बोलेल."

नोव्हेंबरात लायल पीव्ही स्पर्धेचे अर्ज लिहून घेत होता. ड्युईची पाळी आली.

"जातीचं नाव?"

"पाच."

"हे काय नाव आहे का?"

"आहे," ड्युई म्हणाला. "लिही."